हवामान कोरडे राहील

जानेवारी लागला की पुण्याचा भाचा हमखास विचारतो, "मामा, रविवारी रायगडावर हवा कशी असेल?" खरं तर विचारण्यासारखं काही नसतं. वायव्येकडे हवेचा दाब वाढून एकदा स्थिरावला की हवामान खातं रोज तीच ओळ देतं : कोकणात हवामान कोरडे राहील. पावसाळ्यात या खात्याच्या शब्दाशब्दावर आमचा जीव टांगलेला असतो. आता ती ओळ कुणी पुरती वाचतही नाही. मला मात्र वर्षातला सगळ्यात भरगच्च अंदाज हाच वाटतो.

दाब जास्त, म्हणजे वरची हवा सावकाश खाली बसत असते. खाली येताना दबते, तापते, किलोमीटरला जवळपास १० अंश. त्यामुळे ढग धरतच नाहीत. रात्री आभाळ उघडं, वारा पडलेला. जमीन भराभर निवते आणि गार, जड हवा उतारांवरून घरंगळत नदीकाठी, खलाटीत म्हणजे सखल भागात साचते. तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण. मग पहाटे वाशिष्ठीचं खोरं धुक्यानं भरलेलं आणि कुंभार्ली घाटाच्या वरच्या वळणांवर लख्ख ऊन. उंचावर थंडी जास्त, हा शाळेतला नियम या दिवसांत सकाळपुरता रजेवर असतो. महाबळेश्वर पुण्याहून सातआठशे मीटर उंच, तरी पहाटेचा पारा पुण्याचाच खाली. आमची दापोलीही कधी कधी महाबळेश्वराहून गार निघते.

म्हणून भाच्याला सांगतो, स्वेटर गडाच्या पायथ्याला, पाचाडला लागेल, पायऱ्या चढताना नाही. पाणी मात्र भरपूर घे. कारण सह्याद्री उतरून येणारा पूर्वेचा कोरडा वारा खाऱ्या वाऱ्याला दुपारी लवकर आत येऊ देत नाही, आणि ऐन हिवाळ्यात एखाद्या दिवशी देशातलं सर्वाधिक तापमान रत्नागिरीच्या नावावर लागतं. (सकाळी शाल, दुपारी पंखा, आम्हाला त्याचं नवल नाही.) फोटोंचीही फार आशा नको. चार दिवस हवा हलली नाही की धूर-धूळ त्या झाकणाखालीच कोंडते, समोरचे डोंगर फिके पडतात.

बागायतदाराला ही ओळ वेगळीच दिसते. थंडीनं हापूस मोहोरतो, मळभ नसलं की मोहोरावरची कीड, तुडतुडे, आटोक्यात राहतात. पण थंडी लांबली तर कणी म्हणजे बारीक फळं धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर फुटतो, झाडाचं बळ तिकडे वळतं आणि वाटाण्याएवढी फळं गळून जातात. त्यामुळे फेब्रुवारीत कुणी पाहुणा "काय छान थंडी पडलीय!" म्हणाला, की शेजारचे काका हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. फवारणीचा पंप कुठे ठेवलाय ते बघायला उठतात.