मोडेन पण वाकणार नाही?

‘कार्बनचं हँडल घेतलं आणि चालत्या सायकलवर तुटलं तर?’ तुम्ही विचारलंत, तुमच्याआधीही बऱ्याच जणांनी विचारलंय. सायकली उघडून बसायचा नाद असलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. आणि विचारणाऱ्याच्या मनात अर्धं उत्तर तयारच असतं: ॲल्युमिनियम बिचारं आधी वाकतं, आपल्याला सावध करतं, मग तुटतं. कार्बन मात्र ‘मोडेन पण वाकणार नाही’ या बाण्याचं, काही न सांगता जातं.

कार्बनबद्दलचं म्हणणं बरंचसं खरं आहे. ॲल्युमिनियमबद्दलचं मात्र माझ्याच हातात खोटं ठरलं.

नऊ वर्षं वापरलेलं ॲल्युमिनियमचं हँडल होतं. चढावर उभं राहून पेडल मारलं की कुठूनतरी कुरकुर ऐकू यायची. मी आधी हेडसेट (हँडल वळतं तिथली बेअरिंगं) उघडला, मग पेडलं काढून ग्रीस लावलं, मग सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा. सायकलचा आवाज जिथून येतोय असं वाटतं तिथून तो सहसा येत नसतो, त्यामुळे आठवडाभर मी भलत्याच जागा साफ करत बसले. मग एक दिवस, फेरी संपवून परतताना, चालण्याच्या वेगात हँडलचा उजवा भाग हातात आला. ब्रेकची केबल आणि टेप यांच्या आधाराने तो लोंबकळत होता. मी पाय टेकला, एवढंच झालं. दहा मिनिटांपूर्वी मी उतारावर होते.

घरी येऊन दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. सरळच्या सरळ. वाकल्याची खूण कुठेही नाही. जिथे तुटलं होतं तिथे मात्र दोन रंग दिसत होते: नखाएवढा एक काळपट, गुळगुळीत भाग आणि बाकीचा कणीदार, चमकणारा. चमकणारा भाग त्या दिवशी तुटला. काळपट भाग त्याच्या कितीतरी आधीपासून तुटलेलाच होता, घाम आणि धूळ आत शिरायला त्याला भरपूर वेळ मिळाला होता. जागा म्हणाल तर अगदी स्टेमच्या कडेला, जिथे हँडल पकडलेलं असतं आणि ताण सगळ्यात जास्त येतो.

याला धातूचा थकवा म्हणतात, इंजिनिअर मंडळी फटीग म्हणतात. पोलादाचं एक बरं असतं. ताण ठरावीक मर्यादेच्या खाली राहिला तर तो कितीही वेळा दिला तरी पोलाद व्यवहारात थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक खड्डा, उभं राहून मारलेला प्रत्येक जोर त्याच्या खात्यावर जमा होतो. नोंद अगदी बारीक असली तरी खोडली जात नाही. म्हणून चांगला कारागीर ॲल्युमिनियमचा भाग जाड आणि ऐसपैस करतो, म्हणजे खातं भरायला खूप वर्षं लागतात. ओरखडा, घट्ट आवळलेला ब्रेक लिव्हर, टेपखाली घामाच्या मिठाने खाल्लेली जागा, यांतलं काही असलं की खातं लवकर भरतं.

तेव्हा वाकणं ही ॲल्युमिनियमची सवय खरी, पण ती फक्त एका प्रसंगी. आपटलं, धडकलं, एकदम मोठा मार बसला तर ते वाकतं आणि तुम्हाला दिसतं. रोजच्या झिजेने जातं तेव्हा कार्बनसारखंच, न वाकता जातं. सूचना मिळते ती कुरकुरीची किंवा टेप काढल्यावर दिसणाऱ्या केसाएवढ्या चिरेची. टेप काढून कोण बघतं?

वाकलेलं ॲल्युमिनियमचं हँडल किंवा क्रँक (पेडल जिला लावलेलं असतं ती दांडी) जोर लावून सरळ करून पुन्हा वापरणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून करू नका. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, फ्रेमला ज्या तुकड्याने लावलेला असतो तो हँगर तेवढा सरळ करून चालतो. तो मऊच बनवलेला असतो, स्वतः वाकून फ्रेम आणि डिरेलर वाचवण्यासाठी.

आता कार्बन. कार्बनचे केसाहून बारीक धागे, त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन आणि ठरवून दिलेल्या दिशांनी रचलेले थर, असा हा प्रकार. धाग्याच्या दिशेने ओढलं तर त्याच्या वजनाच्या मानाने तो थक्क करेल इतका जोर सोसतो. वारंवार येणाऱ्या ताणाला तर तो ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतो. नीट बनवलेलं, नीट बसवलेलं, कधी न आपटलेलं कार्बनचं हँडल माझ्या त्या नऊ वर्षांनी दमलं नसतं असं मला खात्रीने वाटतं.

पण या वाक्यातली तीनही विशेषणं खरी असायला हवीत. कार्बनचं वैर आहे ते चिरडण्याशी आणि टोकदार माराशी. दगडाच्या कोपऱ्यावर पडलेली सायकल बाहेरून ठीक दिसते, रंगावर एक ओरखडा असतो, आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. मग नाण्याने टकटक करून ऐकायचं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बोदा. सुती कापड फिरवून बघायचं, धागा अडकला तर पृष्ठभाग फुटलाय. पण नाणं काही डॉक्टर नव्हे. जाड भागात, जोडाजवळ ते फसवतं आणि फसलेल्याला कळत नाही. शंका राहिली तर अल्ट्रासाउंडने तपासून घ्यावं, तेवढं करायचं नसेल तर तो भाग बदलावा.

चिरडणं म्हणजे बहुतेक वेळा आपलाच पराक्रम. माझ्या एका मित्राचा कार्बनचा सीटपोस्ट खाली सरकायचा. त्याने क्लॅम्प आवळला. पुन्हा सरकला, पुन्हा आवळला. शेवटी सरकायचा थांबला आणि क्लॅम्पखाली एक उभी चीर मिळाली. मूळ कारण असं की बसवताना त्याने सवयीने ग्रीस लावलं होतं. कार्बनला ग्रीस नाही, बारीक खर असलेली खास पेस्ट लावतात. त्यामुळे कमी आवळूनही पकड येते.

स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. नेमका आकडा भागावर छापलेला असतो, तोच पाळावा. हाताला पाच आणि दहामधला फरक कळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) लावून स्वतःची परीक्षा घ्यावी. मी घेतली आणि लाजले. कार्बन बसवायचं असेल तर पहिली खरेदी टॉर्क रेंचची, हँडलची दुसरी. (ॲल्युमिनियमलाही तोच नियम आहे, फक्त ते चूक थोडी जास्त पोटात घालतं.)

कार्बन म्हणजे धोका हे पटवून द्यायला लोक मला फ्रान्समधल्या २००६ च्या पॅरिस-रूबे सायकल शर्यतीतलं दृश्य दाखवतात. दगडी रस्त्यावर अमेरिकन सायकलपटू जॉर्ज हिनकॅपीच्या हातात अचानक नुसतंच हँडल राहतं, खाली सायकलशी काही संबंध उरत नाही आणि तो खांद्यावर आदळतो. तुटली होती ती फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) वरची नळी, म्हणजे स्टीअरर. तो ॲल्युमिनियमचा होता. त्याच शर्यतीत हिनकॅपी आधी एकदा पडलाही होता. म्हणजे पडल्यानंतर तपासणीला वेळ न मिळालेला भाग, तोही जगातल्या सगळ्यात निर्दय रस्त्यावर.

दुसरं उदाहरण अजून ताजं. सप्टेंबर २०२३ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने उत्तर अमेरिकेत सुमारे ७ लाख ६० हजार क्रँकसेट तपासणीसाठी परत मागवले. हे २०१२ ते २०१९ या काळात बनलेले, ॲल्युमिनियमचे. क्रँक आतून पोकळ राहावा म्हणून दोन भाग चिकटवून जोडलेले होते आणि तो जोड सुटत होता. धातू ठणठणीत, दगा दिला तो जोडाने. ‘ॲल्युमिनियम आहे, काळजी नको’ म्हणणाऱ्याला मी हे सांगते, आणि लगे हात क्रँक पुसून उजेडात बघायलाही.

दोन्ही एकत्र आले की वेगळंच भांडण सुरू होतं. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली की बॅटरीसारखी क्रिया होते आणि त्यात ॲल्युमिनियम गंजतं. कार्बनच्या फ्रेममध्ये अडकून बसलेला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट काढायचा प्रसंग कुणावर येऊ नये. वर्षातून दोनदा काढून, पुसून, पेस्ट लावून बसवला की झालं.

चाकांचं थोडक्यात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील आणि लांब उतार वाट्याला येत असतील तर मी ॲल्युमिनियमचीच रिम घेईन. ती उष्णता झटकन पसरवते. कार्बन रिममधलं रेझिन अति तापलं तर मऊ पडू शकतं. डिस्क ब्रेक असतील तर हा मुद्दाच निकालात निघतो.

मग मी स्वतः काय वापरते, हा तुमचा पुढचा प्रश्न. फोर्क कार्बनचा, सीटपोस्ट कार्बनचा, हँडल आणि स्टेम ॲल्युमिनियमचे. कारण फार शास्त्रीय नाही. माझी सायकल भिंतीला टेकवलेली पडते, गाडीच्या टपावर बांधली जाते, आणि पडली की पहिला मार हँडल खातं. कार्बनने वाचणाऱ्या शंभरेक ग्रॅमसाठी दर वेळी नाणं घेऊन टकटक करायचा मला कंटाळा आहे. ज्याची सायकल जपली जाते, जो वर्षाला हजारो किलोमीटर चालवतो आणि टॉर्क रेंच वापरतो, त्याला मी कार्बनच सुचवते. मी मात्र ॲल्युमिनियमचं हँडल दर चार-पाच वर्षांनी बदलते, दिसायला कितीही नवं असलं तरी. मोठी आपटी खाल्ली तर लगेच. आणि वापरलेलं हँडल दोन्ही धातूंचं विकत घेत नाही. (कार्बन धातू नाही, माहीत आहे, पण जिभेला सवय झालीय.) विकणारा कधीच पडलेला नसतो.

ते तुटलेलं हँडल अजून माझ्या खणात आहे. काळ्या रंगाचं आहे. हा प्रश्न घेऊन कुणी समोर आलं की मी दोन्ही तुकडे त्याच्या हातात देते. तो ते उलटेसुलटे करून बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘बघा, म्हणूनच मी म्हणत होतो, कार्बन नको.’