कापड बदलणारा कोण?

"तुमच्या बौद्ध धम्मातही कर्म आहे, निर्वाण म्हणजे मोक्षच, मग हिंदू धर्माहून फरक तो काय?" ऑफिसात विचारतात, लोकलमध्ये विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हा फरक मला पुस्तकात नाही, बाबा गेले त्या रात्री कळला. तेव्हा आम्ही वरळीच्या चाळीत राहायचो. शेजारच्या काकू माळकरी. आईला पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "रडू नको गं बाई. जुनं कापड टाकून नवं नेसावं, तसं असतं ते. आत्मा मरत नाही." गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलीच उपमा. त्या शब्दांतली माया मी विसरणार नाही.

सकाळी भन्तेजी, म्हणजे आमचे बौद्ध भिक्खू, आले. त्रिसरण-पंचशील झालं आणि ते म्हणाले, "अनिच्चा वत सङ्खारा." जे घडलं ते अनित्य, उपजणं आणि लयाला जाणं हाच त्याचा धर्म. म्हणजे इथे कापड बदलणारा कुणी नाहीच! उपनिषदं देह-मनाच्या मागे न बदलणारा आत्मा पाहतात. अद्वैती त्यालाच ब्रह्म म्हणतात, द्वैती जीव आणि ईश्वर वेगळे मानतात, पण आत्मा आहे याबद्दल दोघांनाही शंका नाही. बुद्ध सांगतात, माणूस ज्यांचा बनतो ते पाचही स्कंध, म्हणजे रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव), तपासा, कायमचा ‘मी’ कुठेच सापडत नाही. मोक्षात आत्मा सुटतो, निर्वाणात तृष्णा विझते.

काकूंनी विचारलं, "मग केलेलं भोगायचं कोणी?" प्रश्न रास्त आहे. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा पेच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच मांडलाय. प्राचीन काळच्या ग्रीक राजा मिलिंदानेही भिक्खू नागसेनांना तेच विचारलं होतं: एका देहातून दुसऱ्यात काही जात नाही, तर पुनर्जन्म कसला? नागसेनांनी दिव्यावर दिवा लावायला सांगितला. त्या सकाळी बाबांच्या फोटोपुढे आईनेही एका मेणबत्तीवर दुसरी लावली. पहिलीतून उठून दुसरीत काही गेलं नाही. पण पहिली नसती तर दुसरी पेटली नसती.

माझ्या आजाला गावात सांगायचे, मागच्या जन्मीचं पाप म्हणून या जातीत आलास. आत्माच नसेल तर ते गाठोडं इथवर आणलं कुणी? बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माचा हा वारसा साफ नाकारला. १४ ऑक्टोबर १९५६ला, बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा, आजा नागपुरात होता. परत आल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा कुणाकडूनही ऐकून घेतलं नाही.