आण्णांनी ओळखलेलं गायरान

रविवारी सहसा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्सवर, तिथल्या जुन्या गोल्फ मैदानावर, खेळत नाहीत. गावातली माणसं कुत्री घेऊन, बाबागाड्या ढकलत तिथं फिरायला येतात. गेल्या जूनमध्ये आण्णा साताऱ्याहून आमच्याकडे डंडीला आले, तेव्हा त्यांना मी मुद्दाम रविवारी नेलं.

आण्णांनी वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली. "रेताड हाय. हितं ज्वारीबी यायची न्हाई."

अशा जमिनीला इथं लिंक्स म्हणतात. समुद्र आणि शेतं यांच्यामधला वाळूचा उंचसखल पट्टा. नांगराच्या उपयोगाचा नाही, म्हणून मेंढरांना आणि खेळाला मोकळा राहिला.

"हाय कुनाची?"

"गावाची."

"म्हंजी गायरान."

आठ वर्षं मी इथं येतेय, पण हा शब्द मला सुचला नव्हता.

मग चालता चालता त्यांना सगळं सांगितलं. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या राजाने गोल्फवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसायचे. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने लेखी कबूल केलं, की या जमिनीवर खेळायचा हक्क गावकऱ्यांचा आहे. पण 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेच्या हातून ही जमीन गेली आणि तिथं सशांचा धंदा सुरू झाला. सशांनी बिळं करून मैदान पोखरलं. गोल्फवाले आणि ससेवाले यांची भांडणं कोर्टात गेली, वीसेक वर्षं चालली. शेवटी 1821 मध्ये शेजारच्या जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फ खेळायचा, ती विकत घेऊन खेळ वाचवला. 1894 च्या कायद्याने ती पुन्हा गावाकडे आली. सशांची गोष्ट आण्णांनी दोनदा सांगायला लावली. गायरानासाठी माणसं कशी भांडतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय.

हे मैदान सुरुवातीला कुणी कागदावर आखलेलं नाही. पूर्वी ज्या वाटेने खेळत जायचे, त्याच वाटेने परत यायचे. म्हणून आजही सात हिरवळींवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दोन-दोन होल आणि त्यांचे दोन-दोन झेंडे आहेत. 1764 मध्ये 22 होलची फेरी 18 ची झाली, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, 112. त्यातले बरेच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत, कारण एके काळी हे मैदान उलट्या दिशेने खेळत असत.

सतराव्या होलपाशी मी थांबले. रोड होल. हिरवळ अरुंद, तिरकी. मागे रस्ता आणि दगडी भिंत, पुढे रोड बंकर. 1978 च्या ओपन स्पर्धेत जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत हिरवळीवर पोचला होता. त्याने हिरवळीवरून हलकेच मारलेला चेंडू घरंगळत या बंकरमध्ये गेला, बाहेर पडायला चार फटके लागले आणि या होलला एकूण नऊ फटके झाले. एप्रिलमध्ये बॅलटमध्ये, म्हणजे इथं खेळायला मिळण्याच्या सोडतीत, आमचं नाव लागलं, तेव्हा माझाही चेंडू तिथंच गेला. समोर रचलेल्या गवताच्या थरांची उभी भिंत, चेंडू तिच्या पायथ्याशी. दोन फटके भिंतीत गेले. तिसरा मी झेंड्याकडे पाठ करून मागे मारला, तेव्हा कुठे सुटका झाली. त्या रात्री झोप लागली नाही. चेंडू चांगला हिरवळीवर टेकला होता, मग आत गेलाच कसा?

हे सगळं आण्णांना सांगितलं. त्यांनी बंकरच्या भिंतीला हात लावून पाहिला, बांध रचल्यासारखे एकावर एक बसवलेले गवताचे थर चाचपले. मग कडेला उकिडवे बसले, मान तिरकी केली आणि हिरवळीवरून नजर फिरवली. बांधावर बसून दारं धरताना पाहतात, तशी.

"झेंड्याकडं नगं बघू," ते म्हणाले. "पानी कुठं उतरंल ते बघ. समदं हिकडंच येतंय."

मीही त्यांच्या शेजारी बसले. उभ्याने सपाट वाटणारी हिरवळ बसल्यावर बंकरच्या तोंडाकडे ओघळताना स्पष्ट दिसत होती.

सोमवारी सकाळी मैत्रिणीचं आणि माझं नाव मी पुन्हा बॅलटमध्ये घातलं.