गाडीखाली शिरण्याआधी

परवा भाच्याकडे गेले तर त्याच्या गाडीखालून फक्त दोन पाय दिसत होते. गाडीची पुढची बाजू उचललेली होती आणि सगळा भार एका ट्रॉली जॅकवर. उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड नाही, मागच्या चाकांना अटकाव नाही. मी म्हटलं, "गाडीला धक्का न लावता सरळ बाहेर ये." तो बाहेर आला, पाठ झटकली आणि म्हणाला, "मावशी, पाच मिनिटांचं तर काम होतं."

त्या दिवशी त्याला जे सांगितलं, ते इथे लिहून ठेवते. गाडीचं ऑइल, ब्रेक पॅड अशी कामं मी बरीच वर्षं घरीच करते. ही कामं कोणालाही जमतात. पण गाडी उचलायची कशी हे पक्कं बसल्याशिवाय कोणी खाली शिरू नये, असं मला मनापासून वाटतं.

काही वर्षांपूर्वी मी पुढचं डावं चाक काढून पॅड बदलत होते. काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवायची मला सवय आहे, ते सरकवलं होतं. गाडीखाली शिरायचं नव्हतं म्हणून स्टँड मात्र लावला नाही. मध्येच फोन आला, आत गेले आणि दीडएक तासाने परतले. गाडी त्या आडव्या चाकावर येऊन टेकली होती. कसलाही आवाज झाला नव्हता, जॅक घसरलेला नव्हता, खाली तेलाचा थेंब नव्हता.

मला ते कळेना. म्हणून चाक तसंच खाली ठेवून गाडी पुन्हा उचलली आणि टेपने फरशीपासून पट्टीपर्यंतची उंची मोजली. 27 सेंटिमीटर भरली. अर्ध्या तासाने 25, आणखी तासाभराने 22. ट्रॉली जॅकमध्ये गाडीचा भार तेलाच्या दाबावर पेललेला असतो, आणि तो दाब एक झडप आणि काही सील धरून ठेवतात. झडपेत कचरा अडकला किंवा सील झिजलं, की तेल आतल्या आत परत टाकीत जातं. बाहेरून जॅक कोरडा ठणठणीत दिसतो. माझा तसाच दिसत होता. सील एकदम फाटलं असतं तर टेप लावायलाही वेळ मिळाला नसता.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण हँडब्रेक ओढला होता, गाडी गिअरमध्ये होती." बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की ती दोन्ही चाकं हवेत जातात, आणि जमिनीवरच्या पुढच्या चाकांना तो काहीच धरत नाही. गिअरचं तर आणखी फसवं आहे. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी असेल आणि पुढचं एकच चाक उचललं, तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीमुळे, हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकू शकतं. गिअर पडलेला असूनही. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये टाकली तरी तेच. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून घट्ट पाचर बसवायची. बाजूला पडलेला गोटा ठेवून भागत नाही, चाक त्यावरून चढतं.

मग आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. त्याची जागा किंचित उताराची होती, ती आधी बदलली. कडक फरशी मिळाली तर उत्तम. डांबर उन्हाने मऊ पडतं आणि स्टँडचे पाय त्यात रुततात, तिथे खाली जाड प्लायवूड हवं. गाडी वर जाते तशी ती थोडी कमानीत सरकते, त्यामुळे ट्रॉली जॅकची चाकंही मोकळी फिरायला हवीत. ती खडीत अडकली की जॅकची वाटी गाडीखालून निसटायला लागते. ही गोष्ट फार कमी जण पाहतात.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. दाराखालच्या पट्टीवर जिथे जॅक लावायची खाच आहे, तिथेच स्टँडही लावायचा असतो. मग दोन्ही बसणार कसे? गाडीचं पुस्तक काढलं. त्यात पुढच्या बाजूला मध्यभागी जॅक लावायची जागा चित्रासह दाखवली होती. तिथून उचललं आणि स्टँड दोन्हीकडच्या खाचांखाली घातले. पुस्तकात अशी जागा दिली नसेल तर अंदाजाने लावू नये. ऑइलचं चेंबर किंवा पातळ पत्रा तो भार घेत नाही.

"सिमेंटचे ब्लॉक नाही का चालणार?" त्याने विचारलं. नाही. भरीव लाकूड दबतं, करकरतं, काहीतरी सांगतं. पोकळ ब्लॉक काहीच न सांगता फुटतो. स्टँडवर किती टनांचा आहे ते लिहिलेलं असतं. तो आकडा एकाचा की जोडीचा, तेवढं वाचून घ्यावं.

जॅकची झडप हळूहळू सैल करून गाडी स्टँडवर उतरवली. जॅक काढला नाही, नुसता टेकेल इतका वर ठेवला. एक सुटं चाक पट्टीखाली आडवं सरकवलं. आणि मग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: कोणीही खाली जायच्या आधी गाडीला बाजूने चांगला धक्का द्यायचा. हलायची, पडायची असेल तर ती तेव्हा पडू दे. भाच्याने बॉनेटच्या कडेला हात लावून जोर दिला. उजवीकडून बारीक "टक्" असा आवाज आला.

वाकून पाहिलं. डावा स्टँड ठीक होता. उजव्या स्टँडची कुत्री, म्हणजे दांडा खाली घसरू न देणारी अडकण, दांड्याच्या दात्यात पूर्ण बसली नव्हती, दात्याच्या टोकावर अडकून राहिली होती. वरून पाहताना दोन्ही स्टँड सारखेच दिसत होते. आम्ही जॅकने गाडी पुन्हा दोन बोटं उचलली, स्टँडचा खटका दाबून सोडला, कुत्री खोल बसल्याचं बोटाने चाचपून पाहिलं. गाडी परत उतरवली, परत धक्का दिला. या वेळी काही वाजलं नाही.

"आता जाऊ?" त्याने विचारलं. मी फोन त्याच्या हाताशी ठेवला, चष्मा डोळ्यांवर लावायला सांगितलं आणि चाकापाशी बसून राहिले. काही वेळाने खालून पान्याची करकर ऐकू आली, आणि मग तेलाची धार भांड्यात पडायला लागली.