तिफण कोणाच्या नावावर? गावच्या संग्रहालयाची नोंदवही

आधी खोली, मग कपाटं, मग वस्तू, असा आमचा बेत होता. गाडी अडली ती नोंदवहीपाशी.

नेहमीच्या दाखल नोंदवहीत रकाने पाच: अनुक्रमांक, तारीख, वस्तू, देणाऱ्याचं नाव, शेरा. पहिली आली तिफण, म्हणजे तीन दात्यांचं पेरणीचं अवजार. दिली कास्तकारानं, त्याचं नाव लागलं. पण ती घडवली सुतारानं. चाड्यावर, म्हणजे बी टाकायच्या वाटीवर, मूठ धरून बी सोडलं बाईनं, मागं सरतं, म्हणजे बी सोडायची वेगळी नळी, धरून तुरीची ओळ पेरली तीही बाईनंच. वहीत यातलं कोणीच नाही. मग चार रकाने वाढवले: कोणी घडवली, कोणी वापरली, घरात तिला काय म्हणतात, आणि कोणत्या अटीवर दिली.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. ‘कायमची दिली’, ‘ठेवायला दिली, मागू तेव्हा परत’, ‘पोळ्याला घरी नेणार’ असं स्पष्ट लिहायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग सही किंवा अंगठा घ्यायचा आणि एक प्रत त्या घरी ठेवायची. प्रत दिली नाही तर भावकीत वाटणी झाली की भांडण संग्रहालयाच्या दारात येतं. जमिनीत सापडलेली नाणी-मूर्ती मात्र घेऊच नयेत. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. थेट तहसील गाठावं.

बैठक मंदिराच्या सभामंडपात सकाळी अकराला ठेवली, तर ज्यांना रोजी बुडायची भीती नाही तेच येतात. काही घरं तर सभामंडपाची पायरीच चढत नाहीत. वेळ रात्री आठची केली. जागा आळीपाळीनं बुद्धविहार, गोंडटोला आणि शाळेचा ओटा. निंदणाचे आणि मोहफुलं वेचायचे दिवस वगळले. बाया बोलू लागल्या त्या यानंतर.

खरा पेच घुंगुरकाठीचा. गावकीची कामं करताना महारांच्या हाती असलेली ही काठी काहींना दर्शनी भागात हवी होती. निर्णय ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती वागवली त्यांच्यावर सोडला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्ध घरांनी जुन्या देवांसोबत अशा वस्तूही टाकून दिल्या, आणि ‘आमचा इतिहास काठीपासून सुरू करू नका’ हे म्हणणं रास्तच आहे. दर्शनी भागात लागला दीक्षाभूमीचा फोटो आणि जुना शाळा सोडल्याचा दाखला. काठी पेटीत आहे, नोंद वहीत आहे. गोंडांचं पेन, म्हणजे त्यांचं दैवत, तेही आणलं नाही. भुमकानं, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यानं, नाही म्हटलं की विषय संपतो; फोटोसाठीसुद्धा गळ घालू नये.

पाट्या मराठीत आणि देवनागरी गोंडीत लिहिल्या, पण ज्या म्हाताऱ्यांना त्या वस्तू माहीत त्यांना कोणतीच लिपी वाचता येत नाही. म्हणून त्यांच्याच आवाजात चाळीस-पन्नास सेकंदांची माहिती रेकॉर्ड करून बटणाच्या स्पीकरवर टाकली. क्यूआर कोडचा नाद सोडावा: रेंज नाही, आणि फोन बहुतेक घरी पुरुषाच्या खिशात.

चाकाच्या खुर्चीसाठी दारापुढं जो उतार करायचा, त्याचं गणित मिस्त्रीवर सोडू नका. तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे उंची अठरा इंच. प्रमाण एकास बारा, म्हणून उतार अठरा फूट हवा. ओट्यापुढं जागा अकरा फूट. मिस्त्री नऊ फुटांत बसवतो, आणि तेवढ्या चढावर चाकाची खुर्ची मागं कलंडते. उतार काटकोनात वळवून मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा घ्यावा. वर घोटीव फरशी नको, पावसात घसरते. ओल्या सिमेंटवर खराट्याच्या आडव्या रेघा ओढल्या की काम भागतं. दाराची मोकळी रुंदी तीन फूट, मेजं अडीच फूट उंचीची. तेवढ्यात पोरांनाही दिसतं.

कुलपाला किल्ल्या दोन कराव्यात. एकच असली आणि ती सरपंचाकडं असली, तर सरपंच तालुक्याला गेला की संग्रहालय बंद. आमची दुसरी बचत गटातल्या बायांकडं आहे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी दार त्याच उघडतात.