कोपराला कोपर

भिंतीलगतच्या लांब बाकावर बसायचे, तर आधी वेटरला टेबल पुढे ओढावे लागते. आपण अंग चोरून, तिरके होऊन आत शिरतो, शेजाऱ्याच्या पेल्याला पर्सचा धक्का लागणार नाही याची काळजी घेतो, आणि मग वेटर टेबल पुन्हा ढकलून आपल्याला जागच्या जागी बंद करून टाकतो. शहरातल्या एका उच्चभ्रू वस्तीतल्या छोट्याशा फ्रेंच बिस्त्रोमध्ये, म्हणजे फ्रेंच धर्तीच्या खाणावळीत, एका दुपारी मी अशी कोंडली गेले, तेव्हा मनात आले की ज्यांच्या घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त असाव्यात, ती मंडळी इथे चांगले पैसे मोजून दाटीवाटीने बसायला येतात.

ही दाटी मुळात गरिबीतून आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्न्य भागातून पोटासाठी पॅरिसला आलेली माणसे आधी घरोघरी पाणी वाहत, पुढे त्यांनी लाकूडकोळशाची दुकाने टाकली आणि त्याच दुकानांत एका बाजूला ती वाइनही विकू लागली. नवरा कोळशाची पोती घेऊन लोकांचे जिने चढायचा, तोवर बायको इकडे पेले भरायची. पॅरिसमधल्या कित्येक बिस्त्रोंची पाळेमुळे अशा दुकानांत आहेत; तिथे दोन टेबलांत ऐसपैस अंतर ठेवायला जागा होतीच कुठे? वाफवून वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची जी खुर्ची अशा ठिकाणी हटकून दिसते, तीही या अडचणीला साजेशीच. थोनेट कंपनीने १८५९ मध्ये काढलेल्या या खुर्चीचे लाकडी भाग अवघे सहा, त्यांना जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. असा प्रवास करून आलेल्या खुर्चीने दोन टेबलांच्या फटीत उभे राहण्याबद्दल तक्रार करावी तरी कशी?

मी कांद्याचे सूप मागवले. या पदार्थात महाग असे काही नाही, आहे तो फक्त वेळ. कांदा लोण्यात मंद आचेवर निदान पाऊण तास परतत राहावे लागते. आच वाढवून घाई केली की कडा करपतात आणि गोडवा हाती लागत नाही. वाडग्यात सूप ओतून त्यावर शिळ्या पावाचा तुकडा ठेवतात, त्यावर किसलेले ग्रुयेर चीज घालून तो वाडगा भट्टीत जातो. चीज काठावरून ओघळते आणि वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला तपकिरी, कुरकुरीत होऊन चिकटून बसते. खरे सांगायचे तर मला सूपपेक्षा ते खरवडून खाण्यातच जास्त रस असतो, आणि अशा वस्तीत ते करण्यापूर्वी मी इकडेतिकडे पाहून घेते. त्या दिवशी पाहिले, तर डावीकडच्या टेबलावरच्या मोत्यांची माळ घातलेल्या आजी चमचा उलटा धरून तेच करत होत्या.

पॅरिसच्या मध्यभागी ले आल नावाचा घाऊक बाजार होता, तेव्हा पहाटेच्या वेळी तिथले हमाल आणि रात्रभर मौज करून परतणारे शौकीन एकाच खाणावळीत हे सूप पीत. १९६९ मध्ये तो बाजार शहराबाहेर रँजिसला हलवला गेला. सूप टिकले, टेबलेही तेवढीच जवळ राहिली. फक्त शेजारी आता बहुतेक एकाच थरातले असतात, आणि याची खंत त्यांच्यात बसून सूप पिणाऱ्या मी किती करावी, हा प्रश्नच आहे.

शेजारचे ऐकणे हा माझा जुना रोग. लहानपणी मोठ्यांच्या गप्पा रंगल्या की मी झोपेचे सोंग घेऊन पडून राहत असे. कुणाचे कर्ज थकले, कुणाचे लग्न मोडले, ही सगळी माहिती मला बंद पापण्यांआड मिळालेली आहे. एकदा मोठ्यांच्या विनोदावर मला हसू फुटले आणि ती शाळा कायमची सुटली. बिस्त्रोत सोंग घ्यावे लागत नाही. शेजारी हातभर अंतरावर असतो, सगळे सगळ्यांना ऐकू येत असते, आणि काहीच ऐकू येत नसल्यासारखे आपापल्या ताटात पाहणे हा तिथला शिष्टाचार असतो. मागितल्याशिवाय बिल आणायचे नाही, हाही फ्रेंच शिष्टाचारच, त्यामुळे ऐकणाऱ्याची चांगलीच सोय होते.

आजींसमोर बहुधा त्यांचा मुलगा बसला होता. जेवणानंतरचे चीज त्यांच्या टेबलावर आले, तोवर विषय राहत्या घरावर पोहोचला होता. एवढे मोठे घर आता एकटीने कशाला सांभाळायचे, असे तो समजुतीच्या सुरात दुसऱ्यांदा म्हणाला. आजींनी सुरी खाली ठेवली, तोंड पुसले आणि त्या बोलू लागल्या. नेमका त्याच क्षणी वेटर गोडाच्या पदार्थांची पाटी घेऊन आला, ती आमच्या मधोमध खुर्चीवर टेकवली आणि खडूने लिहिलेला एकेक पदार्थ मला मोठ्याने समजावून सांगू लागला. त्याचे संपले, तेव्हा पलीकडे कॉफीची चर्चा चालली होती.

घराचे काय ठरले ते कळलेच नाही. मी लिंबाचा टार्ट घेतला, बरा होता.