सीतापारच्या तुकड्याची घनता

मागच्या नोंदीत ज्याची घनता बिक्सबाइट आणि ब्राउनाइट या दोन मँगनीज खनिजांपैकी कोणाच्याच बाजूला झुकत नव्हती, तो मध्य प्रदेशातील सीतापारचा काळा तुकडा बिक्सबाइटचाच असावा, असे आता बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. बिक्सबाइट आणि ब्राउनाइट दोन्ही काळे, दोघांची कठीणता ६ ते ६.५, म्हणून घरच्या साधनांत घनतेचाच आधार उरतो. बिक्सबाइटची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ४.९५ ग्रॅम, ब्राउनाइटची ४.७५ ते ४.८. आमचा तुकडा मात्र पाण्यात उकळून छिद्रांतली हवा घालवल्यावरही ४.८६ वर ठाम राहिला. (तुकडा टांगायला बारीक तंगूसच घ्यावा, सुती दोरा पाणी शोषतो आणि वजन बिघडवतो.)

या आकड्याचे दोन अर्थ संभवतात. एक तर दोन्ही खनिजे एकमेकांत मिसळलेली असतील, किंवा बिक्सबाइटमध्ये क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) असेल. क्वार्ट्झची घनता २.६५ असल्यामुळे आकारमानाने अवघे चार टक्के क्वार्ट्झही ४.९५ चे ४.८६ करण्यास पुरेसे आहे. येथे ब्राउनाइटच्या घडणीतली, बिक्सबाइटमध्ये नसलेली सिलिका कामी आली, कारण ते हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळताना बुळबुळीत सिलिका मागे सोडते. या क्रियेत क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे डिचोलीत पावसाने उघडीप देईपर्यंत थांबून मी चिमूटभर चूर्ण उघड्या गच्चीवरच विरघळवले. ते फार सावकाश विरघळले आणि तळाशी बुळबुळीत थराऐवजी काचेसारखे खरखरीत कण उरले. भिंगाखाली ते क्वार्ट्झचे ठरले, तेव्हा झालेले समाधान शब्दांत मांडणे कठीण आहे.

विक्रेत्याने चिठ्ठीवर केवळ ‘मँगनीज खनिज’ लिहिले होते. सीतापारसारख्या ठिकाणच्या नमुन्याला हे अन्यायाचे आहे. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील याच खाणीवरून ‘सीतापाराइट’ हे नाव दिले होते, आणि ते खनिज म्हणजे १८९७ साली अमेरिकेतील युटाहमधून वर्णिलेले बिक्सबाइटच, हे पुढे सिद्ध झाले. तिकडे ते रायोलाइट या ज्वालामुखीय खडकाच्या पोकळ्यांत पुष्कराजासोबत सापडते, तर सीतापारला मँगनीजयुक्त गाळाच्या खडकांचे उष्णता आणि दाबाने तीव्र रूपांतरण होऊन बनले.

यानंतर गोव्यातल्या रिवणच्या नमुन्यांत बिक्सबाइट शोधण्याचा बेत होता. परंतु आपल्याकडच्या खडकांचे रूपांतरण सौम्य आणि खनिज बहुतांशी झिजेतून साचलेले पायरोल्युसाइट हे मँगनीज ऑक्साइड आहे, याचा हे लिहितानाच नव्याने विचार केला आणि तो बेत बाजूला ठेवला. त्याऐवजी उरलेला तुकडा घासून, चकचकीत करून परावर्तित प्रकाशात पाहणार आहे; चिमूटभर चूर्णात न सापडलेल्या ब्राउनाइटच्या बारीक पट्ट्या असतील तर तेथे दिसतील. त्यासाठी ०.३ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना पावडर थोड्या प्रमाणात विकणारा कोणी ठाऊक असल्यास अवश्य कळवावे.